गाडी बाबांची, घाई तुमची

पत्राचा सारांश : गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारे ४६ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरीला. वडील जिल्हा परिषदेच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. गावोगाव त्यांना 'गुरांचे डॉक्टर' म्हणत. नोकरी लागल्यावर १९७६ साली त्यांनी चिपळूणच्या एका डॉक्टरांकडून १९७१ची जावा २५० मोटारसायकल घेतली आणि २५ वर्षं तिच्यावरून फिरती केली. २००१पासून गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. गेल्या गणपतीनंतर पत्र लिहिणाऱ्या या मुलानं ती गॅरेजमध्ये नेऊन खोलली. पाडव्याला बाबांना ७५ पूर्ण होतात, त्या दिवशी कारखान्यातून आत्ताच आल्यासारखी गाडी अंगणात उभी करायची, असा बेत. आता जानेवारी संपत आला. इंजिन निम्मं उघडलेलं, नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत एकमेकांत मिसळलेले, सायलेन्सरच्या पाइपचं एक नट काही केल्या सुटत नाही. खर्च ३८ हजार झाला, बायकोला १४ सांगितलेत. मुलगी बारावीला. कोल्हापूरचा एक कारागीर १ लाख ४० हजारांत 'शोरूम कंडिशन' करून देतो म्हणतो, पण बाबांनी लोहाराकडून करून घेतलेलं लोखंडी कॅरिअर 'ओरिजिनल नाही' म्हणून काढून टाकावं लागेल. पुण्याचा एक जण आहे त्या अवस्थेत ६५ हजारांना न्यायला तयार आहे. पुतण्या म्हणतो, काका, मॉडिफाय करू. बाबांना कुणकुण लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कशाला उकरतोस ते? दे भंगारात." विकू, कोल्हापूरला पाठवू, की स्वतःच रेटू? आणि बाबांनाच नको असेल तर मी हे करतोय कुणासाठी?

नमस्कार,

आधी थोडं वहिनींच्या बाजूनं बोलते, कारण त्या जागेवर मी बसून आले आहे. आमचं घर हर्णैचं. माझ्या नवऱ्यानं सासऱ्यांची १९७९ची राजदूत अशीच खोलली होती आणि खर्चाचा आकडा मलाही असाच हप्त्याहप्त्यानं कळला होता. पैशांचा राग फारसा नव्हता. माझे जुने टॉवेल, भांडी घासायचा ब्रश, मोठी परात असं एकेक त्या खोलीत जात होतं आणि विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही, जरा बघतोय." राग त्या 'काही नाही'चा होता. पुढे टॉर्च धरायला म्हणून मला आत बोलावलं आणि कार्बोरेटर उघडायला मीच शिकले, ते असो. तुम्ही आज जेवणं झाली की ३८चा आकडा सांगून टाका. त्याच कागदावर मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचे आकडे मांडा आणि गाडीला महिन्याला किती, हे दोघांनी मिळून ठरवा.

आणखी एक. मुलीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होईल. तुम्ही लिहिताय, रोज रात्री ९ ते ११ गॅरेजमध्ये काम करतो. भिंतीपलीकडे ती अभ्यासाला बसत असणार. परीक्षा संपेपर्यंत हातोडी बंद. हा सल्ला नाही, एवढं ऐकाच.

आता बाबा. 'बाबांना कुणकुण लागली' हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. अहो, गॅरेज घराला लागून, रात्री ठोकाठोक, रॉकेलचा वास माजघरापर्यंत, आणि पाव शतक जी गाडी पडवीत होती ती जागेवरून गायब. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गुपित ठेवलंय असं फक्त तुम्हालाच वाटतंय.

त्यांच्या त्या 'दे भंगारात'वर तुमची सगळी अडचण उभी आहे, म्हणून तिथे थांबू. आपल्याकडे त्या वयाचे पुरुष 'नको' म्हणतात त्याचे बरेच अर्थ निघतात. पैसे घालवू नकोस. तुला जमायचं नाही. मला न विचारता हात लावलास. आणि क्वचित, खरंच नको. यातला कुठला, हे पत्रावरून मला कळत नाही. पण पत्रात एक गोष्ट कुठेच नाही : २००१ साली बाबांनी गाडी का थांबवली? तेव्हा ते पन्नाशीचे होते, नोकरीची काही वर्षं शिल्लक होती. गाडी बंद पडली की त्यांनी बंद केली? गुडघा? अपघात? जावा-येझदी करणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला, त्यानंतर पार्ट मिळवता मिळवता कंटाळले? रागावू नका, पण तुम्ही हे त्यांना कधी विचारलेलं दिसत नाही. ज्या माणसासाठी गाडी नवी करताय त्याच्या आणि गाडीच्या गोष्टीचा शेवटच तुम्हाला ठाऊक नाही.

मात्र 'बाबा, या गाडीबद्दल तुम्हाला काय वाटतं?' असं विचारायला जाऊ नका. "काय वाटायचंय?" एवढंच उत्तर मिळेल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. कामाचं विचारा. गॅरेजमध्ये हातांची खुर्ची ठेवा, प्रकाश चांगला करा, सकाळी ऊन आलं की ते बिस्किटांचे डबे त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, मला यातलं कळत नाहीये, कुठला बोल्ट कुठचा? ज्यानं २५ वर्षं आडरानात स्वतः प्लग साफ केला आणि ठिणगीचे पॉइंट लावले, त्याच्या बोटांना ते आठवतं. जावाचं तर पुष्कळसं अंगवळणीच असतं. गिअरचा दांडा तोच किकचा दांडा. आत दाबून फिरवला की किक, सुटला की परत गिअर. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. हे छापील पुस्तकात सापडेल, पण किक उलटून पिंढरीवर कधी बसते ते पुस्तकात नाही.

डब्यांकडे पाहून ते उठून गेले, तर तेही उत्तरच. दोनदा उठून गेले तर 'खरंच नको' हा अर्थ धरा आणि त्यांना मोकळेपणानं विचारा, विकू का? गाडी त्यांची आहे. हे मी नुसतं भावनेपोटी म्हणत नाही, कागदावरही तसंच आहे. त्यावर पुढे येते.

तुमच्या पत्रात 'ओरिजिनल' हा शब्द सात वेळा आहे. मी मोजले. कारखान्यातून आली तशी मरून रंगाची, टाकीला दोन्ही बाजूंना क्रोम, सोनेरी रेघ, झकपक. पण बाबांनी ती तशी कधी पाहिलीच नाही! त्यांनी पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली. तुम्ही जन्मल्यापासून पाहिलीत ती मागे लोखंडी कॅरिअर असलेली, त्यावर औषधांची पेटी आणि लशींचा बर्फाचा थर्मास बांधलेली. तुम्हीच लिहिलंय, लहानपणी त्या पेटीला पाठ टेकून झोपायचात. कोल्हापूरचा कारागीर त्याच्या जागी बरोबर आहे, त्याच्या गिऱ्हाइकाला म्हैसूरचं ओरिजिनल हवं असतं. तुम्हाला कुणाचं हवंय? म्हैसूरचं, चिपळूणच्या डॉक्टरांचं, की गुरांच्या डॉक्टरांचं? कॅरिअर वेल्ड केलेलं नाही, बोल्टनं बसवलंय असं तुम्ही लिहिलंय. मग भांडणच मिटलं. काढा, गंज घासा, रंग लावा, परत बसवा. कुणाला कारखान्याच्या रूपात पाहायची असेल त्या दिवशी बोल्ट काढून बाजूला ठेवता येईल. एकदा भंगारात गेलं तर परत करून द्यायला तो लोहार बहुधा नसेल.

हे सगळं तुम्ही सावकाश ठरवा. गंज मात्र थांबणार नाही, आणि आज तुमच्या गाडीला धोका पुण्याच्या गिऱ्हाइकापेक्षा समुद्राचा जास्त आहे. पावसाळ्यात आपल्या बरणीतलं मीठ ओलं का होतं? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडावर जो मिठाचा थर बसतो तोही तेच करतो. पाऊस न लागताही पत्र्यावर खारं पाणी तयार होतं आणि ते रात्रंदिवस काम करतं. ताडपत्रीनं पाऊस अडवला, ओल मात्र आत कोंडली. आणि तुम्ही गाडी खोलल्यापासून तर ग्रीस-तेलाखाली झाकलेले भागही उघडे पडलेत. घासून चकचकीत केलेला पत्रा आपल्याकडे एका रात्रीत तांबूस होतो, हे तुम्ही पाहिलं असेलच.

म्हणून या आठवड्यात नवीन काही खोलू नका. आहे ते वाचवा. चेसिस, मडगार्ड, चाकं गोड्या पाण्यानं धुवा. विहीर मचूळ असेल तर नळाचं पाणी घ्या, नाहीतर मीठ काढायला मीठच लावाल. कडक उन्हात वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. बेअरिंग, गिअरची चक्रं, क्रँक (पिस्टनच्या हालचालीनं फिरणारा इंजिनातला दांडा) असल्या गुळगुळीत भागांना पाणी नकोच. ते रॉकेलनं धुऊन, पुसून, तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. घरात जुनं लाकडी कपाट असेल तर त्यात ठेवा आणि आत एक कमी पॉवरचा पिवळा बल्ब पेटता ठेवा. पावसाळ्यात कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून आपण करतो तेच, फक्त बल्बपासून पिशव्या आणि चिंध्या लांब. जितकं घासाल तितकं त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत प्रायमर होणार नसेल तर सकाळी घासायला घेऊच नका.

टाकीचं वेगळं सांगते, कारण तिथे आम्ही आपटलो. राजदूतची टाकी आम्ही बाहेरून घासून, पुट्टी भरून, सुंदर रंगवून आणली. आत वाकून पाहिलंच नाही. सहा महिन्यांत रंगाला एक फोड आला, फोडाखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि सकाळी गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास. रंगाचे पैसे गेलेच, पण शेजारच्या कपाटावर इन्व्हर्टर होता हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. टाकी आधी आतून करा. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, लिटरभर गरम पाण्याला ५० ग्रॅम. समई आपण आमसुलानं घासतो त्याच जातीचं हे आंबट. दिवसभर टाकीत ठेवा, अधूनमधून हलवा, ओता, धुवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा विसळून आंबटपणा मारा, पुन्हा धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि ताबडतोब आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवा. हे सगळं अंगणात, चुलीपासून आणि गॅसपासून लांब. जुन्या पेट्रोलची वाफ रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही असते. हार्डवेअरच्या दुकानातलं जहाल ॲसिड कुणी सुचवेल. त्यानं गंज झटपट जातो, मागोमाग पत्राही.

इंजिनाबाबत तुम्ही विचारलंय, 'सिलिंडर-पिस्टन बरा दिसतोय, बांधून टाकू का?' नको. या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या बेअरिंगना वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं जे काही पोचेल त्यावरच त्यांचं भागतं. बंद गाडीत तेलाचा तो पातळ थर सुकतो आणि ओलसर हवेत बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडतात. दुसरी गोष्ट क्रँकची ऑइल सील, म्हणजे हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कड्या. २५ वर्षांत त्यांचं रबर लाकडासारखं कडक होतं. तिथून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि रस्त्यात जॅम होतो. इंजिन पहिल्या किकेला सुरू होऊन आठवड्यात बसलं, अशा कहाण्यांत बरेचदा दोष या स्वस्तातल्या सीलचा असतो. ती बदलायला क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, उघडावीच लागते.

पण क्रँक ही घरी करायची गोष्ट नव्हे. ती प्रेसवर दाबून जोडलेली असते, कनेक्टिंग रॉड बदलल्यावर तिची सरळ रेषा मोजून जुळवावी लागते. हातोडीनं जमत नाही, जिद्दीनंही नाही. इथे कोल्हापूर कामाला येतं. तिकडे गाडी पाठवण्याऐवजी क्रँक आणि सिलिंडर पाठवा. पोत्यात गुंडाळून कुंभार्ली घाटातून एका खेपेत जातं. उद्यमनगरात प्रेस आणि बोअरिंगची कामं करणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, किती वाढवला ते लिहून घ्या आणि जुना पिस्टन परत मागा. बाकीची जुळणी घरी होईल, बाबा खुर्चीत असतील तर नक्कीच.

झाकणांचे स्क्रू सुटत नसतील तर कारण आपल्याच हवेत आहे. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियमचं झाकण आणि मध्ये खारट ओल. हे तिन्ही एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. गंज सोडवणारं तेल सोडून दोन दिवस थांबा. मग झाकण गरम करा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड ढिली होते. हातोडीचा ठोका देऊन फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. नव्यानं बसवताना स्टेनलेसचे स्क्रू वापरलेत तरी आट्यांना ग्रीस लावाच. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, शेजारच्या ॲल्युमिनियमला मात्र सोडत नाही.

ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरनंही उडवू नका. त्या काळातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं बांधून टाकून द्या. इंजिन सुरू करायची वेळ येईल तेव्हा गाडी अंगणात आणा. बंद गॅरेजमधला धूर जिवावर बेततो. पेट्रोलात लिटरला ४० मिलीच्या आसपास टू-स्ट्रोक ऑइल घाला. आणि हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं, म्हणून नळी आणि वॉशर नवे घ्या आणि गाडी आठवडाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा. लाइट मंद वाटला तर वायरिंगला दोष देऊ नका. ६ व्होल्टच्या डायनॅमोचा उजेड तेवढाच. बाबा त्याच उजेडात रात्रीची अडलेली गाय सोडवायला जायचे.

आता कागद. तुम्ही लिहिलंय, आरसी बुक 'कुठल्यातरी ट्रंकेत' आहे. टाकी धुण्याच्याही आधी ते शोधा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवायची असते. तुमची बहुधा केव्हाच संपलीय. आता दोन वाटा आहेत. नेहमीच्या रस्त्यावर चालवायची तर आरटीओत हीच नोंदणी नूतन करायची, दंड-कर भरून. दुसरी वाट जुलै २०२१मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतरची फी ५ हजार. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कारणांनी बाहेर काढायची. गुहागरच्या बाजारात नारळ आणायला न्यायची असेल तर ही वाट तुमची नव्हे. पुतण्यालाही एवढंच सांगा की मूळचं इंजिन-चेसिस बदललं की व्हिंटेजचं दार बंद. त्याची हौस मोठी असेल तर त्याला एखादी नव्वदीतली गाडी स्वस्तात बघून द्या. चुकाही तिच्यावरच होऊ देत.

यातल्या कुठल्याही वाटेनं जा, सही बाबांची लागणार. नाव तुमच्यावर करायचं असेल तर फॉर्म २९ आणि ३०वर, आरसी हरवलं असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६वर. आज ते शेजारच्या खोलीत आहेत आणि सही करू शकतात. पुढे कधीतरी हेच काम वारसांचे दाखले आणि भावंडांच्या संमतीपत्रांतून करावं लागतं. ती पत्रंही मला येतात, आणि त्यांत गाडीपेक्षा भावंडांचंच जास्त असतं. तुमचं सरप्राइज खरं तर इथेच संपतं. चेसिस नंबरावर घासपेपर किंवा पुट्टी चालवू नका, पेंटरलाही बजावा. तपासणीत पेन्सिलीनं त्याचाच ठसा घेतात.

विकण्याबद्दल. विकणं म्हणजे बापाशी बेइमानी असा सूर तुमच्या पत्रात आहे, तो मला पटत नाही. चांगल्या हातात गेलेली गाडी गंजत पडलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. पण आज विकू नका. २०१८मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं आणि जुन्यांची विचारपूस वाढली. तरी डब्यांत भरलेल्या, कागद नसलेल्या गाडीला कोण भाव देणार? ६५ हजार म्हणणाऱ्याला हे पुरतं ठाऊक आहे. आरसी हातात असलेली, जुळवलेली गाडी, बंद असली तरी, तुम्हाला बोलायला जागा देईल. आणि भंगारातच द्यायची झाली तर आधी नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर तुमच्या बाबांचा नंबर उद्या कुठल्या भलत्याच गाडीवर फिरेल.

पाडव्याला गाडी सुरू होणार नाही. हे सोडून द्या, म्हणजे निम्मा खर्च आणि सगळी चिडचिड कमी होईल. तसंही वाहनाची पूजा आपण दसऱ्याला करतो. परीक्षा संपली की शिमग्यापासून आंब्याची गडबड सुरू होईपर्यंत चेसिसचा गंज आणि प्रायमर, क्रँक कोल्हापूरला. पावसात बाहेरचं काहीच करू नका. दार लावून कार्बोरेटर, डायनॅमो-पॉइंट, वायरिंग, ब्रेक अशी बसून करायची कामं करा. दसऱ्याला गाडीनं धूर काढला तर पुष्कळ झालं, रंग नसला तरी. रंग नंतर, दिवाळी ते शिमगा या कोरड्या महिन्यांत, कारण दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो. तोवर कदाचित मरून हवा की आहे तोच खरवडलेला ठेवायचा, यावर बाबांचंही काही म्हणणं निघेल. १ लाख ४० हजारांतला मोठा वाटा क्रोम, रंग आणि दिखाव्याचा असतो. क्रँक, सील, बोअर, टायर आणि वायरिंग एवढ्यावर थांबलात तर त्या आकड्याच्या बरेच अलीकडे राहाल.

घरात आजोबांची बुलेट किंवा मामांची लॅम्ब्रेटा धूळ खात असलेल्या आणि अजून पाना न लावलेल्या वाचकांनी एवढं करा : खोलण्याआधी मोबाइलवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. जाड पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्याच जागी भोकं पाडून स्क्रू खोचा. बाकीच्यांना अंड्यांचे ट्रे. आणि एक भाग बांधून झाल्याशिवाय दुसरा खोलू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडून दोन दिवस थांबा, मगच किकेला हात लावा.

राहिलं ते सायलेन्सरचं नट. छिन्नी लावून ठोकताय असं लिहिलंय. थांबा, त्याच्या खाचा गेल्या की दुसरं शोधत फिराल. आतून काजळी आणि बाहेरून गंज, दोन्हीकडून धरलेलं आहे ते. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडा. टाकी, कार्बोरेटर आणि रॉकेलचा डबा खोलीबाहेर नेऊन मग नट गरम करा. आधी किंचित आवळा, नंतर सोडवा. त्याला बाकदार हूक पाना लागतो, साध्या पान्याचं ते काम नाही. तुम्ही तो ऑनलाइन मागवलाय म्हणता. त्याआधी बाबांची हत्यारांची पेटी बघा, आणि पेटीत नसेल तर तो कुणाला दिला होता ते त्यांना विचारा.